सव्वा महिन्याचं लोखंड

“सव्वा म्हैना झाला की माघारी दे बघ,” धोंडुबाईनं बजावलं होतं, आणि पूर्णिमानं मान हलवली होती. त्या दिवसांत ती सगळ्यालाच अशी मान हलवत होती. शेपूच्या भाजीला, कानांवरून घट्ट बांधलेल्या फडक्याला, खाटेखालच्या शेगडीतल्या ओव्याच्या धुराला. मान हलवली की माणसं समाधानानं बाहेर जातात आणि दार लागतं, हे तिला बाळंतपणाच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशीच कळलं होतं. धोंडुबाई ही बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायला येणारी बाई. कोल्हापूरच्या कसबा बावड्यातली निम्मी पोरं तिच्या पसरलेल्या पायांवर न्हाऊन मोठी झालेली. पहिल्याच दिवशी तिनं बाळाच्या उशाखाली ठेवायला घरभर लोखंड शोधलं, पण त्या दुसऱ्या मजल्यावरच्या नव्या फ्लॅटमध्ये लोखंडाचं असं काही निघालंच नाही. सुऱ्या स्टीलच्या, तवा काळ्या लेपाचा, विळी गावाकडं राहिलेली. स्टीलला कोण भीत न्हाय, असं पुटपुटत धोंडुबाईनं कमरेच्या पिशवीतून एक घडीचा चाकू काढला. शिंगाची मूठ, बोटभर पातं, झिजून झिजून मधोमध खोलगट झालेलं. तिच्या नवऱ्याचा होता. तो होता तोवर त्यानं बैलांचे दोर कापले, आणि तो गेल्यावर चाकू बावड्यातल्या बाळांच्या उशांखालून फिरत राहिला. या घरातून उठला की पुढच्या घरात. धोंडुबाईनं तो पूर्णिमाच्या हातात दिला नाही. खाटेच्या कडेला ठेवला, आणि मग पूर्णिमानं तो उचलला. पातं हातातून हातात द्यायचं नाही, दोघांत वितुष्ट येतं, हे पूर्णिमाला तिच्या आईनं लहानपणीच शिकवलेलं. मायक्रोबायॉलॉजीत एम.एस्सी. झालेल्या पूर्णिमानं बाकी सगळे रिवाज एकेक करून तपासून फेकून दिले होते, पण हा कधी तपासायला घेतलाच नव्हता. तो डोक्यात नव्हता, हातात होता. “त्येला फुडं जायाचं असतंय,” धोंडुबाई जाता जाता म्हणाली, “एका घरात मुक्काम केला की मग त्यो त्या घराचाच हुतो.” ती गेल्यावर पूर्णिमानं धनुर्वाताचा विचार करून पातं डेटॉलनं पुसलं, फोटो काढून नवऱ्याला पाठवला, आणि खाली हसरा चेहरा टाकला.

त्यानंतर चार वर्षांनी, एका गुरुवारी साडेअकराच्या सुमाराला, साखर कारखान्याच्या रस्त्यावर ती भाजी घेत होती. हंगाम जोरात होता, हवेत मळीचा गोडसर कुजका वास साचलेला. भाजीवाल्या बाईला मेथीच्या जुडीची प्लास्टिकची दोरी सुटेना, ती दातानं तोडायला लागली, तेव्हा पूर्णिमा थांबा मावशी म्हणाली आणि तिचा हात सवयीनं पर्सच्या डावीकडच्या चेनच्या कप्प्यात गेला. तिथं रुमाल होता, केसांचा चाप होता, तापाच्या गोळ्यांची अर्धी पट्टी होती. बोटं कप्प्याच्या तळाशी जाऊन शिवण चाचपत राहिली. दुसरा कप्पा, मग पहिलाच पुन्हा. भाजीवाली दोरी तोंडात धरून तिच्याकडे बघत होती. फोन वाजला तो त्याच वेळी. तेजूच्या शाळेचा पालकांचा ग्रुप. फोटोत पांढऱ्या फरशीवर उघडा पडलेला तिचा चाकू, मुठीशी फरशीवर तांबडा फराटा, आणि खाली मोठ्या मॅडमचा मजकूर, की हा चाकू कोणाचा आहे, एका विद्यार्थिनीला इजा झाली आहे, माहिती असणाऱ्यानं ताबडतोब शाळेत यावं. आणि पूर्णिमाला सगळ्यात आधी जे वाटलं ते असं, की चला, सापडला एकदाचा. श्वास आत घेण्याएवढाच वेळ, जास्त नाही. तेवढा वेळ तिला हायसं वाटलं, किल्ली सापडल्यावर वाटतं तसं. मग विद्यार्थिनी हा शब्द वाचला गेला आणि मेथी तिथंच टाकून ती स्कूटरकडे धावली. पुढं कितीतरी दिवस तिला बाकीचं सगळं आठवायचं ते आठवायचंच, पण अंगावर काटा यायचा तो त्या एका श्वासाच्या आठवणीनं. आपली चार वर्षांची पोरगी ज्या फरशीवर खेळते तिथं रक्त पडलेलं, आणि आपल्याला चाकू सापडल्याचं बरं वाटलं.

शाळा तिथून दहा मिनिटांवर. एका जुन्या बंगल्याचा तळमजला, तीन वर्ग, मागं पेरूचं झाड. उसाच्या ट्रॉल्यांमागून स्कूटर रेटताना तिच्या मनात एकच वाक्य फिरत होतं, तेजू नसावी, तेजू नसावी, आणि त्याचा पुढचा अर्थ, म्हणजे दुसरी कुणी असावी, तो ती मनाला पुरा होऊ देत नव्हती. डावा हात मधूनच हँडल सोडून पर्सकडे जात होता. ही सवय केव्हा लागली ते तिला पक्कं ठाऊक होतं. सव्वा महिना भरला त्या दिवशी धोंडुबाईला ताप होता, ती आली नाही. दोन दिवसांनी बाळाला लस द्यायची होती आणि ऋतुराज, पूर्णिमाचा नवरा, वारणानगरच्या डेअरीत सकाळच्या पाळीला. पहिल्यांदाच ती एकटी बाळ घेऊन बाहेर पडणार होती. दूध पाजता पाजता फोनवर वाचलेल्या सगळ्या बातम्या जिन्यात तिच्यासाठी थांबल्या होत्या. कुठं कोण लिफ्टमध्ये शिरलं, कुठं कुणी बाळ उचललं. तिनं उशाखालचा चाकू घेतला आणि पर्समध्ये टाकला. रिक्षात बसल्यावर बोटांनी शिंगाची मूठ चाचपली, आणि काय झालं कुणास ठाऊक, दीड महिन्यात पहिल्यांदा तिचा श्वास पोटापर्यंत गेला. ते लोखंड कुणाला दूर ठेवतं यावर तिचा विश्वास नव्हताच. म्हणून तर ते जवळ ठेवायला तिला काही वाटलं नाही. धोंडुबाईनं दिलं ते श्रद्धेचं होतं. आपण ठेवलं ते उपयोगाचं, असा हिशेब तिनं मांडला आणि तो तिला फार शहाणपणाचा वाटला.

आणि उपयोग व्हायचाही. दुधाची पिशवी, पार्सलची चिकटपट्टी, तेजूच्या फ्रॉकचा टोचणारा शिक्का, प्रवासात पेरू. ऋतुराज चेष्टा करायचा, काय राणीसाहेब, आज कुठला दरोडा. कधी गंभीर होऊन सांगायचा की अगं, चाकू बाळगणाऱ्याच्या हातातनंच चाकू काढून घेतात लोक, तुझ्या मनगटात जोर किती, तू उगारणार कुणावर. याचं उत्तर तेजू दीड वर्षाची असताना, उन्हाळ्यात, आपणहून चालत आलं. नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर तिच्या पुढं एक मोटरसायकल, मागं बसलेल्या मुलीची ओढणी चाकात गेली, आणि बघता बघता तिचं डोकं मागं खेचलं गेलं. गाडी थांबली तेव्हा ओढणी गळ्यात आवळलेली, चेहरा जांभळा, गाडीवाला भाऊ नुसता ओढणी ओढतोय, माणसं जमलीत, जो तो सांगतोय चाक उलटं फिरवा, चाक उलटं फिरवा. पूर्णिमा गर्दीतून आत शिरली, चाकू उघडला, मुलीच्या मानेशी दोन बोटं सारली आणि कापड कापलं. तीन झटक्यांत. मुलगी खोकली. त्या खोकल्याचा आवाज पूर्णिमानं जन्मभरासाठी जपून ठेवला. ऋतुराजनंही त्यानंतर चेष्टा केली नाही. पण त्या दिवसापासून घरातून बाहेर पडताना चाकू नसला तर तिला दिसायला लागलं की आज नेमकं कुठंतरी कुणीतरी गुदमरणार आहे आणि आपण रिकाम्या हातानं उभ्या असणार आहोत. एकदा तो विसरला म्हणून ती पन्हाळ्याच्या अर्ध्या वाटेवरून सगळ्यांना माघारी घेऊन आली होती. गॅस चालू राहिलाय, असं सांगून.

धोंडुबाईनं तो मागितला होता. एकदाच. तेजू चार महिन्यांची असताना, इमारतीच्या जिन्यात गाठ पडली तेव्हा ती म्हणाली की पोरी, लोखंड दे की, घाई हाय जरा. पूर्णिमाच्या खांद्याला पर्स होती आणि पर्समध्ये चाकू होता. बघते ओ मावशी, कुठं ठेवलाय सापडेना झालाय, असं ती म्हणाली, आणि बोलता बोलता तिनं पर्स काखेत जरा जास्त दाबून धरली. धोंडुबाई पर्सकडे बघत राहिली. बघ, असं म्हणाली आणि कठड्याला धरून एकेक पायरी खाली उतरत गेली. मग हळूहळू तिला कुणी न्हाऊ घालायला बोलवेना. आया व्हिडिओ बघून आपापली पोरं चोळायला लागल्या. तेजूला शाळेत घातलं त्या वर्षी पूर्णिमाला ती शाळेच्या फाटकात दिसली, निळ्या साडीत, पोरांच्या बाटल्या भरणारी मावशी म्हणून. रोज सकाळी धोंडुबाई तेजूचा हात धरून आत न्यायची, आणि त्याआधी एकदा, नेमकं एकदाच, पूर्णिमाच्या पर्सकडे बघायची. चाकूचा विषय दोघींनीही काढला नाही.

शाळेच्या व्हरांड्यात तेजू बाकावर बसून बिस्कीट खात होती. पूर्णिमानं तिचे दोन्ही तळहात उलटेसुलटे करून पाहिले, ओठ पाहिले, गुडघे पाहिले, आणि कुणी बघत नाहीसं वाटून तिचं डोकं हुंगलं. इजा झालेली मुलगी अरीबा होती. तेजूच्याच वर्गातली, तेजूच्या शेजारी बसणारी, वेणीला नेहमी हिरवा चाप लावणारी अरीबा. तळहात कापला होता, करंगळीच्या मुळापासून आडवा. तिचे अब्बा अझीम, एसी दुरुस्त करायचं काम करतात, ते कामावरच्या कपड्यांत येऊन तिला दवाखान्यात घेऊन गेले होते. मॅडमच्या खोलीत सात-आठ पालक उभे होते आणि टेबलावर वर्तमानपत्रावर चाकू ठेवला होता. एवढ्या लोकांमध्ये तो फार लहान दिसत होता. कुणी म्हणत होतं की आपण फी कशाची भरतो, कुणी म्हणत होतं की मागच्या भिंतीवरनं कोणीही आत येतंय, पोलिसांत द्या. पूर्णिमाची नजर पात्याच्या बुंध्याशी असलेल्या खिळ्यावर होती. तो खिळा पावसाळ्यापासून ढिला झालेला, चाकू नुसता झटकला तरी उघडायचा. शनिवारी लोहाराकडे न्यायचा, असं तिनं किती शनिवारी ठरवलं होतं. आज सकाळी तिनं त्यानंच तेजूच्या डब्यातला चिकू कापला होता, घाईत, दाराजवळच्या चपलांच्या कपाटावर, आणि मग चाकू तिथंच ठेवून केस विंचरायला आत गेली होती. कोणाचा आहे, कोणी तरी बोला, मॅडम म्हणाल्या. पूर्णिमानं तोंड उघडलं. तिला नंतर पुष्कळदा वाटलं की आपण खरोखर उघडलं होतं. जीभ टाळूपासून सुटली होती, ‘तो’ हा शब्द दातांपर्यंत आला होता. पण बोलली दारातली धोंडुबाई. हातात पोचा घेतलेली.

“माझा हाय.”

खोलीत सगळे वळले. धोंडुबाई पुढं आली आणि वर्तमानपत्रावरचा चाकू तिनं अशा नजरेनं पाहिला, की जणू फार दिवसांनी गावाकडचं कुणी भेटलंय. मालकाचा हाय माझ्या, ती म्हणाली. मॅडमनी विचारलं, पोरांच्या शाळेत चाकू घेऊन येतेस, अक्कल कुठं गेली. धोंडुबाईनं पोचा या हातातून त्या हातात घेतला. चुकी झाली म्हणाली. एका पालकानं फोनवर तिचं शूटिंग सुरू केलं, दुसऱ्यानं ते थांबवलं. आणि या सगळ्या वेळात तिनं पूर्णिमाकडे एकदाही पाहिलं नाही, पर्सकडे तर नाहीच. पूर्णिमाला पुढं या क्षणाबद्दल एक वाईट गोष्ट कळली ती ही, की धोंडुबाई खोटं बोलली असती तर आपल्याला ते खोडता आलं असतं. ती खरं बोलली होती. चाकू तिचाच होता. त्या खऱ्याच्या आत पूर्णिमाला उभं राहायला जागा मिळाली, आणि ती तिथं उभी राहिली. मॅडमनी उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं तेव्हाही.

घरी आल्यावर वरणभात कालवताना तिनं तेजूला विचारलं, जमेल तेवढ्या साध्या आवाजात. तेजूनं लपवलं काहीच नाही. अरीबाला शाळेच्या बाथरूममध्ये भीती वाटते, ती सांगायला लागली, तिथं पाल आहे. आपल्या जवळ ते असलं की आपल्याला काही होत नाही, असं मम्मीनंच सांगितलं होतं ना, म्हणून तिनं ते एक दिवस अरीबाला द्यायचं ठरवलं. एकच दिवस. मग परत आणणार होती. घास तोंडात फिरवता फिरवता तिच्या चेहऱ्यावर असं काही आलं, की तिला ठाऊक असलेली एक शहाणी गोष्ट आता ती सांगणार आहे.

“मी हातात नाही दिलं, मम्मी. खाली ठेवलं. मग तिनं उचललं.”

पूर्णिमाचा हात ताटातच राहिला. पोरीनं सगळं बरोबर केलं होतं. भ्यालेल्याला लोखंड द्यायचं, ते हातात द्यायचं नाही, काम झालं की माघारी घ्यायचं. चार वर्षांत घरात कुणी तिला हे शिकवायला बसलं नव्हतं. तिनं नुसतं पाहिलं होतं, आई कापलेली फोड पुढं करते पण चाकू आधी ओट्यावर ठेवते. ज्याला पकडायचं कुठं हे माहीत आहे त्यानं खाली ठेवायचं, आणि ज्याला माहीत नाही त्यानं उचलायचं. फरशीवर पडलेलं चकचकीत काहीतरी चार वर्षांची पोरगी जिथं चकाकतंय तिथंच धरणार.

पाच वाजता ती तेजूला शेजारी ठेवून धोंडुबाईकडे गेली. गावठाणातली एक खोली, बाहेर तुळस, आत लोखंडी खाट आणि भिंतीला अडकवलेल्या पिशव्या. धोंडुबाई कपड्यांच्या घड्या घालत होती. पन्हाळ्याच्या वाटेवर, वाघबीळच्या अलीकडे लेक दिली होती, रस्त्याकडेला कणसं भाजून विकणारी, ती कधीपासून ये म्हणत होती, आता जातो, असं तिनं आपणहून सांगितलं, कोल्हापुरातल्या सगळ्याच बायका बोलतात तसं, येतो, जातो. खिडकीत मॅडमच्या टेबलावरच्या वर्तमानपत्राची एक पुडी होती. पूर्णिमा काय बोलायचं ते वाटेत जुळवून आली होती. मी उद्या मॅडमना सगळं सांगते, ती म्हणाली.

“काय सांगणार? लेकरानं आणला म्हणून? मग साऱ्या बावड्यात तिचं तेवढंच नाव की, चाकूवाली पोरगी. न्हावू घातलंय मी तिला.” धोंडुबाईनं लुगडं गुडघ्यावर दाबून घडी घातली. “आणि मी खोटं कुठं बोललोय? माझाच हाय की त्यो. सव्वा म्हैना म्हणालतो मी तुला.”

रागावली असती तर बरं, असं पूर्णिमाला वाटलं. तिचं लक्ष त्या पुडीकडे जात होतं. इतकं झाल्यावरही तिचा हात पर्सच्या रिकाम्या कप्प्यावर ठेवलेला होता आणि त्या हाताला, नुसत्या हाताला, ती पुडी हवी होती. घरी जाताना वाटेत नदीकडचा उतार लागतो. धोंडुबाईच्या ते ध्यानात आलं असावं. ती उठली, पुडी सोडून चाकू कमरेच्या पिशवीत टाकला आणि पिशवीची नाडी ओढली. चहा घेणार का, तिनं विचारलं. पूर्णिमानं मान हलवली, पण नाही म्हणून का हो म्हणून, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

रविवारी ती सफरचंदं घेऊन अरीबाच्या घरी गेली. अरीबाची अम्मी मेहमुदा फाटकात रोज भेटणारी, मोकळी, तोंडाची फटकळ बाई. अरीबाच्या हाताला पांढरं मोठं बँडेज होतं आणि त्यावर तिनं निळ्या पेनानं डोळे काढून त्याचा ससा केला होता. सात टाके. करंगळी वळेल असं डॉक्टर म्हणतात, पण जखम भरली की मऊ चेंडू दाबत बसायचं, रोज, कंटाळा न करता. मेहमुदानं सफरचंद कापायला सुरी आणली नाही, तशीच अख्खी ताटलीत ठेवली. मग म्हणाली की धोंडुबाईला उगीच काढलं, ती बाई पोरांच्या अंगाला बोट लागू देत नव्हती. आमच्या अरीबालाबी तिनंच न्हाऊ घातलंय, तुम्हाला ठाऊक नसंल. तेजूनंतर तीन महिन्यांनी झाली ना ही. उशाखाली ठेवायला तिच्याकडं त्या वेळी लोखंडच नव्हतं. रोज यायची आणि रोज म्हणायची, एका घरी अडकलंय बघ, आज आणतो, उद्या आणतो. शेवटी माझ्या सासूनं कातर ठेवली. बिचारीला फार वाईट वाटलेलं.

पूर्णिमाला जिना आठवला. घाई हाय जरा. कठड्याला धरून उतरणारी पाठ. म्हणजे घाई ही होती. तिच्या शेजारी आता सशाचे कान हलवत बसलेली. त्या उशाखाली जायला निघालेलं लोखंड वाटेत आपण अडवून धरलं, आणि चार वर्षांनी ते त्याच पोरीकडे पोचलं, पण उशाखाली नाही. अशा गोष्टींवर तिचा विश्वास नव्हता. आताही नव्हता. विश्वास नसताना एखादी गोष्ट खरी असल्यासारखी मानेमागं येऊन बसते तेव्हा काय करायचं असतं, हे तिला कुठल्या पुस्तकात वाचल्याचं आठवेना. मेहमुदा तिच्याकडे बघत होती. तिनं आवाज खाली आणला.

“अरीबा म्हणती, तेजूनं दिला. आमच्या ह्यांना सांगितलं न्हाय मी अजून.”

“हो,” पूर्णिमा म्हणाली. “चाकू माझ्याकडं होता.”

मेहमुदानं बराच वेळ ताटलीतली सफरचंदं सरळ केली. मग म्हणाली, मला सांगून काय उपयोग, जिचं काम गेलं तिच्यासाठी बोला. ते ती तोडून बोलली नाही, पण दारापर्यंत पोचवायलाही उठली नाही.

पूर्णिमा बोलली, पण अकरा दिवसांनी. अकरा दिवस ते वाक्य ग्रुपच्या त्या पांढऱ्या पट्टीत लिहून पडलं होतं. आधी तिनं लिहिलं, तो चाकू माझा आहे, आणि खोडलं, कारण तो नव्हता. मग लिहिलं, तो चाकू माझ्याकडे होता, धोंडुबाईंची चूक नाही. ऋतुराजला दाखवलं. तो वाचून म्हणाला की पाठव, आणि मग म्हणाला, थांब, तेजूचं पुढच्या वर्षीचं ॲडमिशन होऊ दे, आणि फोन परत दिला. मधल्या काळात स्नेहसंमेलनाचे कपडे, कावीळीची साथ, हरवलेली एक पाण्याची बाटली, असं सगळं त्या पट्टीच्या वरून वाहत गेलं. बाराव्या दिवशी सकाळी भांडी घासता घासता तिनं ओला अंगठा पुसला आणि पाठवून टाकलं. बेचाळीस जणांनी वाचलं. कुणी काही लिहिलं नाही. वीस मिनिटांनी एका पालकानं सूर्यफुलाचं चित्र टाकलं. मग मॅडमचा फोन आला, अगदी गोड, की विषय मिटलाय, नवीन बाई रुजू झाल्यात, शाळेचं आणि तुमच्याही मुलीचं नाव आहे, कशाला. तिनं फोन ठेवून ग्रुप उघडला तर तिच्या वाक्याच्या जागी करड्या अक्षरांत आलेलं, की हा मेसेज ॲडमिननं हटवला आहे. ती ओळ अजून आहे. वर सरकत सरकत गेलं की सापडते. आत काय होतं ते कुणी विचारत नाही.

आता पर्सच्या त्या कप्प्यात रुमाल असतो, चाप असतो, गोळ्यांची पट्टी असते. चाकू जवळ बाळगावा की नाही, यावर कुणी मत विचारलंच तर पूर्णिमाला देता येणार नाही. तिच्या एका कानात त्या ओढणीवाल्या मुलीचा खोकला आहे आणि दुसऱ्या कानात तेजूचं ‘खाली ठेवलं, मम्मी’. रस्त्यात कुणाची ओढणी चाकाजवळ फडफडताना दिसली की ती स्कूटर शेजारी घेऊन ओरडते, अहो ओढणी, अहो ओढणी, आणि त्या बायका चपापून तिच्याकडे वेड्यागत बघतात. तेजू आता विचारते की आपलं ते कुठं गेलं. पुढं गेलं, असं ती सांगते. दोन वेळा ती एकटीच पन्हाळ्याच्या रस्त्याला लागली. दोन्ही वेळा वाघबीळच्या अलीकडे, कणसं भाजणाऱ्या बायकांच्या रांगेच्या बऱ्याच मागं, झाडाखाली स्कूटर लावून बसली. धूर दिसत होता. निळी साडी दिसल्यासारखी वाटली. तिथून उतरून शंभर पावलं चालायची होती, आणि तेवढी तिला चालता आली नाहीत.

तुम्ही पन्हाळ्याला जाताच कधी ना कधी. वाघबीळच्या अलीकडे गाडी थांबवा, कणीस घ्या. हनुवटीवर गोंदण असलेली एक म्हातारी लेकीच्या शेजारी बसलेली असेल, गिऱ्हाइकाला पावणं म्हणणारी. ती लिंबू कशानं कापते तेवढं बघा. शिंगाच्या मुठीचा लहानसा चाकू असला तर बरं. नसला तर जास्त बरं. मग तो कुठल्या तरी बाळाच्या उशाखाली असेल, आणि या वेळी सव्वा महिन्यानं निघेल. तिला काही विचारू नका, कुणी पाठवलंय तेही सांगू नका. पण रांगेत ती दिसलीच नाही, तर लेकीला तेवढं विचारा, म्हातारी कशी आहे. आणि इकडं बावड्यात येऊन सांगा.